मऊ भुई

गेल्या दोन वर्षांत चार घरांतून मला बोलावणे आले. घरात बरे न होणारे माणूस, आणि निरोप असा की, मास्तर, तुमच्या आबांचे तुम्ही केलेत, जरा येऊन सांगून जा. मी सातारच्या एका शाळेत इतिहास शिकवतो. औषधपाण्यातले मला काही कळत नाही. कळते असा आव एकदाच आणून पाहिला, त्याचे काय झाले ते पुढे येईल. पण दर वेळी तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून ठेवावे म्हणून हे लिहितो. ज्यांच्या घरात असे माणूस आहे त्यांनी वाचावे. बाकीच्यांनी वाचले नाही तरी चालेल. वेळ आली की ते शोधून वाचतील.

तीन महिने

आबा म्हणजे माझे थोरले भाऊ, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. पहिल्या युद्धात बसऱ्याकडे जाऊन आले होते. त्यानंतर सांगलीजवळ, माधवनगरपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावी, नदीकाठच्या रानात ऊस आणि वांगी करत राहिले. वडील लवकर गेल्यामुळे मला त्यांनीच वाढवले. मुलगा नव्हता, दोन मुली, दोघी सासरी.

एका दिवाळीनंतर वहिनींनी कुणाकडून तरी पत्र लिहवून पाठवले. आबा जेवत नाहीत, पाठ धरून बसतात, तुम्ही या. मी रजा टाकली. दुसऱ्या युद्धामुळे पेट्रोल मिळत नव्हते आणि मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. चढ आला की सगळ्यांनी उतरायचे आणि मोटार ढकलायची. कराडपर्यंत मी बसलो किती आणि ढकलले किती, हे सांगता येणार नाही.

आबांना गाडीत गादी घालून मिशनच्या इस्पितळात नेले. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले, पाठ पाहिली, क्ष-किरणांचा फोटो काढला. मग माझ्याकडे वळून, आबांना कळू नये म्हणून, इंग्रजीत सांगितले. गाठ पोटातून मणक्यात गेली आहे. चिरून उपयोग नाही. तीन महिने, फार तर चार.

मी चेहरा सरळ ठेवला. शिक्षकाला त्याची सवय असते. परत गाडीत बसल्यावर मी म्हणालो, "डॉक्टर म्हणत्यात, पाठीत वात भरलाय."

आबा बैलांकडे बघत होते. "बापू," ते म्हणाले, "बारा वर्सं फौजेत इंग्रजी शिव्या खाल्ल्यात मी. थ्री मंथ कळतंय मला."

 गाव जवळ आले तेव्हा ते म्हणाले, "तुज्या वैनीला वातच सांग. तिला नंतर मी सांगतो." घरी पोचलो तर वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी आमच्या दोघांच्या तोंडांकडे पाहिले आणि विचारले, "किती दिस म्हनला?"

तेव्हा पहिली गोष्ट ही. लपवू नका. लपवण्यात जो वेळ जातो तो माणसाबरोबर बसण्याचा असतो, आणि शेवटी फसते कोण, तर लपवणारा.

रूथबाई

डॉक्टरांनी अफूच्या अर्काची बाटली दिली, पाण्यातून किती थेंब द्यायचे ते लिहून दिले, आणि एक नाव सांगितले. माधवनगरला भावाकडे राहणाऱ्या रूथबाई म्हणून एक जुन्या नर्स. मूळच्या आटपाडीकडच्या, मेंढरे राखणाऱ्या घरातल्या. दर तीन-चार दिवसांनी त्या चालत यायच्या. छत्री, पिशवी, आणि गावात शिरल्यापासून दिसेल त्याला ओरडणे.

त्यांनी आम्हांला जे शिकवले ते कुठल्या पुस्तकात असेल तर मी वाचलेले नाही. तोंड कोरडे पडते, तर पाणी पाजण्याचा हट्ट करायचा नाही. कापसाचा बोळा भिजवून ओठांवरून, जिभेवरून फिरवायचा. कूस दर दोन तासांनी बदलायची. जेवायला "खा, खा" म्हणून छळायचे नाही. "आबांची भूक गेलीय. तुमची कशापायी त्यांच्या तोंडात घालता?" असे त्यांनी वहिनींना विचारले. वहिनी दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी गरम भाकरी ठेवली.

भेटायला येणाऱ्यांचा प्रश्नही त्यांनीच सोडवला. आमच्याकडे एखादा माणूस जाणार असे कळले की पंचक्रोशी लोटते, भोवती बसते, आणि याच रोगाने कोण कोण कसे गेले ते सांगते. रूथबाईंनी नियम केला की जो येईल त्याला काम द्यायचे. पाय चेप, कापूस पिंज, पाणी आण. चार दिवसांत गर्दी निम्मी झाली. जे उरले ते खरेच आबांचे होते.

एकदा तालुक्याच्या गावाहून एक पुढारी आले, उपरण्यासह. उभ्या उभ्या "गावाचा आधारवड" अशी सुरुवात केली. आबांनी डोळे न उघडता मला म्हटले, "बापू, ह्यांस्नी सांग, अजून हाय मी." तेवढ्यात आबांना उमासा आला आणि रूथबाईंनी तस्त पुढाऱ्यांच्या हातात दिले. त्यांनी ते धरले, हे मात्र नोंदवले पाहिजे. हात हलला नाही त्यांचा. भाषण पुढे झाले नाही.

माझी चूक

आता ते सांगतो.

पौषातली सकाळ होती, कडाक्याची थंडी. आबा बाजेवर होते. वहिनी त्यांचे तोंड पुसायला गेल्या आणि त्यांनी मला हाक मारली. आबा हलत नव्हते. पाय गार, बोटे निळसर, तोंड उघडे. दहा मिनिटांत घर भरले. आमचे चुलते, तात्या, सगळ्यांच्या पुढे. तात्यांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. गावात कुठलेही कार्य असो, लग्न असो की मयत, कसे करायचे ते तात्या सांगत. लाल पागोटे घातल्याशिवाय ते कुणाला काही सांगत नसत, आणि सांगितल्याशिवाय राहत नसत. लहानपणापासून मी त्यांची नक्कल करत आलो आहे, आणि ती मला चांगली जमते.

तात्या म्हणाले, "नाडी बगा." आणि सगळे माझ्याकडे वळले. गावात शिकलेला मी एकटा. शाळेच्या कपाटात प्रथमोपचाराचे एक पुस्तक होते, ते मी एका पावसाळ्यात वाचले होते. मी खाली बसलो, आबांचे मनगट धरले, डोळे मिटले. का मिटले ते माहीत नाही. तसे केले की बघणाऱ्यांना बरे वाटते. मग म्हणालो, "नाडी लागत नाही."

वाक्य खरे होते. मला लागत नव्हती. पण ऐकणाऱ्यांनी जे ऐकले ते वेगळे होते, आणि ते तसे ऐकणार हे मला कळायला हवे होते.

"खाली घ्या," तात्या म्हणाले.

आमच्याकडे माणसाने बाजेवर जायचे नसते. जीव सुतळीत अडकतो म्हणतात. शेवटी भुईवर घ्यायचे. शेणाने सारवलेली जमीन, वर नुसते घोंगडे, अंगाला भुई लागली पाहिजे. चौघांनी आबांना उचलून खाली ठेवले. तात्यांनी काशीहून आणलेली, झाळ लावून बंद केलेली गंगेची लोटी फोडली. तुळशीचे पान ठेवून पाणी आबांच्या तोंडात घातले. बायकांनी पदर तोंडाला लावले.

आबांनी ते पाणी गिळले. ठसका लागला. डोळे उघडले आणि म्हणाले, "पानी शिळं हाय."

कुणी हसले नाही. मला आता हसू येते, तेव्हा आले नाही. आबांनी आढ्याकडे पाहिले, मग बाजूच्या रिकाम्या बाजेकडे. "मला खाली कुनी घेतलं?" त्यांनी विचारले.

रिकामी बाज

तुम्हांला वाटेल, मग उचलून परत बाजेवर ठेवायचे. मीही तेच म्हणालो. तात्या म्हणाले, "एकदा खाली घेतल्यालं मानूस वर चढवायचं न्हाई."

"का?"

"चढवलं की त्याच्या बदली घरातलं दुसरं जातंय."

"हे कुठं लिहिलंय, तात्या?"

"लिवल्यालं तुमी वाचा, मास्तर. आमी घडल्यालं बगितलंय."

मी एक तास वाद घातला. धर्मग्रंथ काढले, तर्क काढला, आवाज चढवला. माझ्याइतके मुद्देसूद त्या घरात कधी कुणी बोलले नसेल, आणि कुणी ऐकलेही नाही. शेवटी वहिनींनी मला परसात बोलावले. "भावजी," त्या म्हणाल्या, "तुमी सुट्टी संपली की साताऱ्याला जाल. उद्या चुलत जावेचं पोर आजारी पडलं, भावकीतलं कुनी गेलं, तर मीच चढवलं ह्यांना, असं म्हंतील. जलमभर ऐकावं लागंल मला."



आबा भुईवर राहिले. थंडीतली ती जमीन, ज्याच्या मणक्यात गाठ आहे अशा माणसाच्या पाठीखाली. घोंगडे एकाचे दोन केले, त्यापलीकडे तात्या जाऊ देईनात. थेंब वाढवले, तरी कूस बदलताना आबा पंचा तोंडात धरत. तिसऱ्या दिवशी पाठीवरची कातडी फुटली.

चौथ्या दिवशी रूथबाई आल्या. आबांची पाठ पाहून त्या उठल्या आणि खूप वेळ हात धूत राहिल्या. मग विचारले, "नाडी कुणी बघितली होती?"

मी म्हणालो, "मी."

"कुठं बघितली? दाखवा."

मी माझेच मनगट धरून दाखवले. त्यांनी माझी बोटे उचलली आणि करंगळीच्या बाजूकडून अंगठ्याच्या बाजूला आणून ठेवली. तिथे माझी नाडी टणाटण उडत होती. त्या ओरडल्या असत्या तर बरे झाले असते.

त्या दुपारी घरात आम्ही दोघेच होतो. मी आबांना सांगितले. "आबा, हे माझ्यामुळं झालं. मी चुकीच्या जागी हात धरला होता. माझ्यामुळं तुमी खाली हाय."

आबांनी डोळे मिटले. मला वाटले झोपले. मग म्हणाले, "तुला साताऱ्याला शिकायला धाडलं तवा म्या म्हनलं हुतं, ह्यो सगळ्यातलं थोडं थोडं शिकंल."

"रागवा की मला."

"पाठ लय दुकती रं. रागवाय जोर लागतो." त्यांनी हात पुढे केला. "धर. आता नीट जागी धर."

मी नीट जागी धरला. बारीक होती, पण होती.

तात्या

पाचव्या दिवशी कूस बदलायला माणूस कमी पडले. तात्या ओट्यावर बसले होते. मी मुद्दामच त्यांना आत बोलावले. ज्यांनी नियम सांगितला त्यांनी खांदा धरावा, असा दुष्ट विचार मनात होता, कबूल करतो.

तात्यांनी खांदे धरले, मी कंबर, वहिनींनी पाय. आबांनी पंचा दातांत धरला. आम्ही वळवले. पंच्यातून जो आवाज आला तो मी लिहिणार नाही. आबांचा हात कशाला तरी धरू बघत होता, आणि त्याला तात्यांचे पागोटे सापडले. ते सुटून खाली आले. आबांनी ते मुठीत धरून ठेवले. तात्यांनी सोडवून घेतले नाही. काम झाल्यावर ते उठले आणि तसेच, बोडक्या डोक्याने, बाहेर गेले. गल्लीतून त्यांना तसे जाताना मी पहिल्यांदाच पाहिले.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास दारात बैलगाडी थांबली. तात्या खाली उतरले, डोक्याला साधा फडका. गाडीत वाळू होती. नदीची, बारीक, कोरडी. त्यांनी अंगणात घोंगडी अंथरली आणि घरातली पिठाची चाळणी मागून घेतली. मग सत्तरीचा तो माणूस उकिडवा बसून वाळू चाळायला लागला, खडा राहू नये अशी, कणकेसारखी.

मी विचारले, "हे काय, तात्या?"

"वाळू."

"ते दिसतंय."

"मग इचारता कशापायी?" चाळणी थांबली नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "ही बी भुईच हाय, मास्तर. नदीची हाय, म्हंजी घरच्या भुईपरीस सोवळी. वर न्हाई चढवत त्याला. भुई मऊ करतोय."

खोलीत त्यांनी विटांची कड लावून दोन वाफे केले, शेजारी शेजारी, वीतभर खोल. वाळू दुपारपर्यंत उन्हात तापवली आणि एका वाफ्यात भरली. वर जुने धोतर. आबांना आम्ही घोंगड्यासकट सरकवले, मग घोंगडे काढून घेतले. वाळू त्यांच्या अंगाखाली सरकली, जिथे हाड होते तिथे खाली गेली, जिथे पोकळी होती तिथे वर आली. आबांनी श्वास सोडला. इतके दिवस तो अर्धाच येत होता, हे मला तेव्हा कळले.

त्यांनी शेजारचा रिकामा वाफा पाहिला. "कांदं लावताय व्हय, तात्या?"

"गप नीज," तात्या म्हणाले, आणि परसात निघून गेले.

गावातून बघायला लोक आले. कुणीतरी कुजबुजले की हे काही रीतीत बसत नाही. तात्या ओट्यावरून म्हणाले, "भुईला हाय का न्हाई? मग झालं." प्रश्न मिटला. माझ्या तासाभराच्या वादाने जे झाले नाही ते या सहा शब्दांनी झाले, कारण ते तात्यांचे होते. पागोट्याचा एवढा तरी उपयोग असतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

सतरा दिवस

आबा वाळूवर सतरा दिवस होते. रूथबाईंनी आल्या आल्या वाळूत हात घातला, कोपरापर्यंत चाचपली, आणि म्हणाल्या, "इस्पितळातली गादी भिजली की भिजली. ही बदलता येते." त्यांनी विचारले, कुणाचे डोके? मी सांगितले. त्या बाहेर जाऊन तात्यांसमोर उभ्या राहिल्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. "चांगलं केलंत," बाई म्हणाल्या. तात्या म्हणाले, "चा घेता का?" आमच्या घरात त्या दोघांचे झालेले संभाषण एवढेच.

रोज तापलेली वाळू दुसऱ्या वाफ्यात भरायची, आबांना तिकडे सरकवायचे, पहिली बाहेर काढून नवी चाळायची. पाठीची जखम भरली नाही, पण वाढलीही नाही. पंचा तोंडातून गेला. ज्यांना हे करायचे असेल त्यांनी ध्यानात ठेवावे: वाळू कोरडी हवी, हाताला कोमट लागेल इतकीच तापवावी, आणि वरचे कापड एकाही सुरकुतीशिवाय.

त्या दिवसांत आबा बोलत. थोडे थोडे. बसऱ्याच्या वाळवंटात ते असेच वाळूत खड्डा करून निजत, हे मला कधी माहीत नव्हते. माझ्या शाळेत कुठल्या राजानंतर कोण आला हे मुलांना पाठ करावे लागते का, असे त्यांनी विचारले. मी हो म्हटले. "आन मदल्या मानसांचं?" मी म्हणालो, त्यांचे पुस्तकात नसते. "बरं हाय," ते म्हणाले, "पोरांना सोपं."

एकदा वहिनी त्यांच्या केसांना तेल लावत होत्या. मी उठून जायला लागलो तर आबा म्हणाले, "बस रं. तिला लाज वाटंना आता." वहिनी म्हणाल्या, "वाटती की." पण हात थांबला नाही.

सतराव्या दिवशी, सकाळची उन्हे खोलीत आली असताना, मी त्यांचे मनगट धरून बसलो होतो. नीट जागी. वहिनी डोक्याशी, तात्या पायांशी. कुणालाच काही ठरवायचे नव्हते, कुठून उचलायचे नव्हते, कुठे ठेवायचे नव्हते. बोटांखालचे ते बारीक चालणे थांबले. मी आणखी थोडा वेळ धरून ठेवले, मग वहिनींकडे पाहिले. या वेळी मी काही बोललो नाही. त्यांना कळले.

पीठ

आमच्याकडे माणूस जिथे गेला तिथे पीठ पसरतात, वर बांबूची पाटी पालथी झाकतात, शेजारी दिवा ठेवतात. दुसऱ्या दिवशी पाटी उचलून बघायचे. पिठात ज्याचे पाऊल उमटले असेल तो त्याचा पुढचा जन्म. कुणाला पाखराचे दिसते, कुणाला गाईचे, कुणाला तान्ह्या बाळाचे. मला आजवर मुंग्यांखेरीज काही दिसलेले नाही.

रानात अग्नी देऊन परत आलो तेव्हा तात्यांनी सुपात पीठ घेतले आणि खोलीत गेले. पीठ पसरायचे तर आधी वाळू सारखी करायला हवी होती. आबांना उचलून नेले होते, पण वाळू तशीच होती. खांद्यांचे दोन खळगे, कमरेचा खोल, टाचांचे लहान, आणि डावा हात जिथे असे तिथे बोटांपर्यंत सगळे. वहिनी विटांच्या कडेशी बसल्या होत्या. त्यांनी नुसता हात आडवा धरला. तात्यांनी पिठाचे सूप बाजूला ठेवून तसाच दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रीतीप्रमाणे भावकी ओट्यावर जमली. तात्या आत आले, पण उंबऱ्याशीच थांबले. तिथूनच त्यांनी विचारले, "काय दिसतंय गं?"

वहिनींनी मान वर केली नाही.

"हे दिसत्यात," त्या म्हणाल्या.

तात्या बाहेर गेले. मी त्यांच्या मागे होतो.  तात्यांनी एकदा घसा साफ केला.

"मानूस उमटलाय," ते म्हणाले.